‘बघा, जमलं तर’ असं नका म्हणू

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. वय ४६, महापेला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. आई नाही. पप्पा ७४ वर्षांचे. चार महिन्यांपासून त्यांचं मंगळवार, गुरुवार, शनिवार असं वाशीला डायलिसिस चालू आहे. सकाळी सातची शिफ्ट मिळाली आहे. सव्वासहाला घर सोडतो, परत यायला साडेबारा होतात. मंगळवारी आणि गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. रजा आता संपत आल्या आहेत. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे ‘ती काय, मोकळीच आहे’ असा सगळ्यांचा समज. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, ‘पप्पांचं डायलिसिस सुरू झालंय, मी एकटी पडतेय, बघा, जमलं तर.’ ग्रुपवर चौदा जण आहेत. नऊ जणांनी जोडलेले हात पाठवले, दोघांनी ‘काळजी घे’ लिहिलं. आलं कुणीच नाही. भाऊ घोडबंदर रोडला कासारवडवलीला असतो. त्याला फोनवर विचारलं, एखादा दिवस जमेल का? तो म्हणाला, ‘बघतो.’ आवाजावरूनच कळलं, म्हणून मीच म्हटलं, ‘राहू दे, मी करते.’ शेजारच्या वहिनी प्रेमाने नारळपाणी घेऊन आल्या. पप्पांना ते चालत नाही, पण सांगवेना, मागून ओतून दिलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका पप्पांबरोबर बुद्धिबळ खेळतात, पण त्यांना तरी कसं सांगायचं? ऑफिसात साहेबांशी बोलायचा धीर होत नाही. पप्पा म्हणतात, कुणाचे उपकार नकोत. कुणी तोंडावर नाही म्हटलं तर त्या माणसासमोर मला परत उभंच राहता येणार नाही असं वाटतं. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच सापडत नाही, ती म्हणजे नकार. चार महिन्यांत एकाही माणसाने तुम्हाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. भाऊ ‘बघतो’ म्हणाला आणि त्याचं बघून व्हायच्या आत तुम्हीच ‘राहू दे’ म्हणालात. साहेबांना आणि काकांना तुम्ही विचारलेलंच नाही. वहिनी तर न सांगता काहीतरी घेऊन आल्या. नकाराच्या धास्तीपायी तुम्ही जे सोसलंत ते एखाद्या नकारापेक्षा कितीतरी महाग पडलं आहे. रजा गेल्या, विश्रांती गेली आणि भावाविषयी मनात अढी बसली ती वेगळीच.

हे तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. मागणं आपल्याला जड जातं त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. हात पसरणं, पदर पसरणं, तोंड वेंगाडणं, मिंधं होणं. मागण्यासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत त्यातले बहुतेक मान खाली घालायला लावणारे. पण याच भाषेत ‘सावड’ हाही शब्द आहे. कोकणात भाताच्या लावणीला आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या, अशी माणसं आळीपाळीने जातात. त्यात कुणी मिंधं होत नाही, कारण दिवस ठरलेला असतो, काम ठरलेलं असतं आणि ते कधी आटपणार हेही ठाऊक असतं. पप्पांसाठी तुम्हाला सावड जमवायची आहे. ती ग्रुपवरच्या मेसेजने जमत नाही.

ग्रुपवर काय झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे नातेवाइकांवरचा निम्मा राग उतरेल. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून माणसं इंटरकॉमवर बोलत होती. मध्येच त्यातल्या एकाला फीट आल्याचं ऐकू आलं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. ती माणसं निर्दय नव्हती. जबाबदारी वाटली गेली आणि वाटून वाटून कुणाच्याच वाट्याला उरली नाही. तुमच्या ग्रुपवर तर प्रत्येकाला आणखी तेरा जण दिसत होते. शिवाय ‘जमलं तर’ म्हणजे नेमकं काय जमवायचं, कधी, किती वेळ, हे मेसेजमध्ये नव्हतं. अशा मेसेजला हात जोडण्यापलीकडे काय उत्तर द्यायचं हे वाचणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजाची. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, अनोळखी माणसांना अमुक एक विनंती करा, पण त्याआधी किती जणांना विचारावं लागेल ते सांगा. पाच जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायला वीसेक जणांना विचारावं लागेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात दहाच लागले. जिम कुठे आहे ते सोबत येऊन दाखवणारा एक माणूस मिळवायला सात जण लागतील असं वाटलं होतं, तो दोन-तीन जणांतच मिळाला. हा फरक पडतो कारण मागणारा फक्त एवढंच मोजतो की समोरच्याला किती त्रास होईल. ज्याला विचारलं आहे तो आणखी एक गोष्ट मोजत असतो, समोर उभ्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड आहे ते. भीड दोन्ही बाजूंना असते. आपल्याला फक्त आपल्या बाजूची दिसते.

मात्र या आकड्यांवर फार विसंबू नका. ती कामं काही मिनिटांची होती, तुमचं काम महिनोनमहिने चालणारं आहे. आणि समोरच्याला नाही म्हणणं जड जातं याचा अर्थ असाही होतो की काही होकार भिडेपोटी येतील. तो माणूस पहिल्या आठवड्यात येतो, दुसऱ्यात उशिरा येतो आणि तिसऱ्यात त्याचा फोन लागत नाही. म्हणून नाही म्हणायची वाट मोकळी ठेवूनच विचारायचं. त्यात सभ्यता आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमची व्यवस्था त्यानेच टिकेल.

आता कामाकडे वळू. ‘मदत हवी’ हा डोंगर आहे, कुणीही त्याला बिचकेल. तो फोडून बघा.

सहा-साडेसहा तासांच्या फेरीत चार तास पप्पा मशीनवर असतात. त्याआधी वजन, बीपी आणि सुया टोचणं, नंतर सुया काढून जागा दाबून धरणं आणि पुन्हा बीपी. म्हणजे सातला सुरू झालेलं काम साडेअकरा-पावणेबारापर्यंत संपतं. या मधल्या वेळात नातेवाईक तिथेच बसून राहायला हवा का? हे युनिटच्या डॉक्टरांना आणि टेक्निशियनला स्पष्ट विचारा. तब्येत स्थिर असलेल्या पेशंटच्या बाबतीत फोनवर सापडणारा आणि थोड्या वेळात पोचू शकणारा माणूस अनेक ठिकाणी पुरतो. थोडा वेळ म्हणजे किती मिनिटं, तेही विचारून घ्या. महापे ते वाशी हे अंतर तुमच्या फायद्याचं आहे. नेताना पप्पा ताजेतवाने असतात, आणताना त्यांचं बीपी खाली आलेलं असू शकतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. त्यामुळे परतीला सोबत हवीच.

सकाळचं सोडणं तुमच्याकडेच ठेवा, तिथून तुम्ही साडेआठला ऑफिसात पोचू शकता. मग उरतं काय? मंगळवारची परत आणायची एक फेरी, गुरुवारची एक फेरी, त्या दोन दिवशी दुपारी पप्पा घरी एकटे असताना कुणीतरी एकदा डोकावणं, आणि महिन्यातले दोन शनिवार, ज्या दिवशी तुम्हाला उशिरापर्यंत झोपता येईल. चार महिने ज्याच्या ओझ्याखाली तुम्ही आहात ते एवढंच आहे असं म्हणायचं नाही. रात्रीची काळजी, पाण्याचं माप, रिपोर्ट, पैसे हे सगळं आहेच. पण दुसऱ्याकडे मागायचं ते एवढंच आहे, आणि हे चार माणसांत बसतं.

कुणाला काय मागायचं ते त्या माणसाच्या दिवसाकडे बघून ठरवा. कासारवडवलीहून आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेअकराला वाशी गाठायची म्हणजे भावाचा अर्धा दिवस घोडबंदर रोडवरच जाईल. ते मागितलंत तर ‘बघतो’च ऐकायला मिळेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. त्याच्याकडे दुसरा आणि चौथा शनिवार मागा, तोही पूर्ण, म्हणजे शुक्रवारी रात्री मुक्कामाला येऊन शनिवारी नेणं-आणणं दोन्ही. काकांकडे मंगळवारची परतीची फेरी. गुरुवारची फेरी तुम्ही स्वतः करायची आणि त्यासाठी साहेबांकडे अडीच तास मागायचे. वहिनींकडे मंगळवार-गुरुवार दुपारी तीन वाजता पाच मिनिटं.

विचारायच्या वाक्यात चार गोष्टी असू द्या : नेमकं काम, दिवस आणि वेळ, किती आठवडे, आणि तुमच्याकडून काय तयार असेल. शेवटी नाही म्हणायची वाट. काकांना असं म्हणता येईल :

‘काका, पप्पांना मंगळवारी पावणेबाराला वाशीहून घरी आणायला सोबत हवी आहे. पुढचे चार मंगळवार तुम्हाला जमेल का? जायची आणि यायची गाडी मी माझ्या फोनवरून बुक करीन, पैसे माझ्याकडून जातील. सव्वाअकराला गाडी खाली येईल, साडेबारापर्यंत तुम्ही घरी असाल. तुम्हाला सोयीचं नसेल तर मोकळेपणी सांगा, मी दुसरी व्यवस्था करू शकते.’

‘चार मंगळवार’ हे महत्त्वाचं आहे. ज्या कामाला शेवट दिसत नाही त्याला माणूस घाबरतो. चार आठवड्यांनी तुम्ही पुन्हा विचारणार आहातच, पण ते पुन्हा विचारणंच त्याला मान देतं. आणि ‘दुसरी व्यवस्था करू शकते’ हे खरं असायला हवं. तिथल्याच एखाद्या पेशंटचे नातेवाईक ऐरोली-घणसोलीकडे परतत असतील, पैसे देऊन अर्ध्या दिवसाचा मदतनीस मिळत असेल, असा एक पर्याय आधी शोधून ठेवा. हाती पर्याय असला की विचारताना आवाजही कापत नाही.

भावाशी बोलताना एक वाक्य टाळा : ‘पप्पा तुझेही आहेत.’ ते शंभर टक्के खरं आहे. पण ते म्हटलं की विनंतीचा आरोप होतो, मग तो शनिवारबद्दल बोलायचं सोडून स्वतःची बाजू मांडायला लागतो, आणि अर्ध्या तासाने फोन ठेवताना शनिवार कुणाचा ते ठरलेलंच नसतं. नुसतं म्हणा, ‘दादा, दुसरा आणि चौथा शनिवार पप्पांना तू नेशील का? शुक्रवारी रात्री इकडेच ये, साडेपाचला उठावं लागेल. पुढचे दोन महिने करून बघू.’ भाऊ धाकटा असेल तर दादाऐवजी त्याचं नाव घ्या, वाक्य तेच ठेवा. त्याने शनिवारऐवजी पैसे देऊ केले तर तेही घ्या. त्याच्या पैशांतून परतीचा मदतनीस ठेवता येईल. मनात योजलेलंच हवं असा हट्ट धरला की पुढे केलेली मदतही नकारासारखी दिसते.

साहेबांशी आधी समोरासमोर बोला, नंतर तेच मेलवर लिहून पाठवा. समोर बोलण्याला किती वजन असतं ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. अनोळखी लोकांना समोर जाऊन केलेली विनंती ईमेलपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरली. तुमचे साहेब अनोळखी नाहीत, त्यामुळे एवढी तफावत पडणार नाही, पण नुसत्या मेलवर सोडू नका. ‘सर, पुढचे चार गुरुवार मला अकरा ते दीड बाहेर जायचं आहे, वडिलांना डायलिसिसहून आणायला. त्या दिवशी मी साडेआठला येईन आणि साडेसहापर्यंत थांबेन. महिनाअखेरीच्या क्लोजिंगच्या आठवड्यात माझी पर्यायी सोय असेल.’ पप्पांची फाइल उघडून बसू नका. तुमचं काम अडणार नाही ही त्यांची पहिली काळजी असते, ती मिटवा. आणि हे सोमवारी सकाळी किंवा क्लोजिंगच्या दिवसांत बोलू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. विचारून झालं की गप्प बसा.

समोरचा विचार करतो, नजर वळवतो, ‘हं...’ म्हणतो. ते पाच-सात सेकंद तुम्हाला सोसत नाहीत आणि तिथेच ‘राहू दे’ बाहेर पडतं. पत्रात तुम्ही लिहिलंय की आवाजावरून कळलं. आवाजावरून काही कळत नाही हो. तो कदाचित त्या आठवड्याच्या मीटिंगा आठवत असेल. मनात दहापर्यंत आकडे मोजा. हातात पाण्याचा ग्लास ठेवा आणि घोट घ्या, म्हणजे तोंड बंद राहील. तीनदा माफी मागणं, ‘तुम्हाला वेळ नसेलच पण’ ही सुरुवात आणि ‘मी आजवर तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही’ ही आठवण, तिन्ही गाळून टाका. पहिल्याने समोरचा अवघडतो, दुसऱ्यात नकाराचं कारण तुम्हीच त्याच्या हातात देता, आणि तिसऱ्यात जुना हिशोब निघतो.

‘बघतो’ आलं तर ते होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. त्याला तारीख लावा : ‘बुधवारपर्यंत सांगशील? नाही म्हणालास तरी चालेल, म्हणजे मला दुसरीकडे विचारता येईल.’ बुधवारी उत्तर आलं नाही तर एकदाच विचारा. त्यानंतरही मोघम राहिलं तर ते ‘नाही’ समजा आणि पुढच्या माणसाकडे जा. तिसऱ्यांदा विचारू नका, तिथून कटकट सुरू होते.

आणि सरळ ‘नाही’ आलं तर? ‘बरं झालं स्पष्ट सांगितलंत’ एवढं म्हणा, आणि ते मनापासून म्हणा. लगेच सांगितलेला नकार ही तुमच्या वेळेची बचत आहे. मग एकच प्रश्न विचारता येतो : ‘दर आठवड्याला नको, पण एखाद्या मंगळवारी काका गावाला गेले तर तुम्हाला फोन करू का?’ मोठं काम नाकारलेला माणूस पुष्कळदा छोटं आनंदाने घेतो. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो भेटला तर तुम्हीच आधी बोला, पावसावर, पाण्याच्या टँकरवर, कशावरही. ‘परत उभंच राहता येणार नाही’ ही तुमची भीती बरोबर याच ठिकाणी विरते, पण पहिलं वाक्य तुमचं असावं लागतं. नकार देणाराही तोंड चुकवत असतो.

लोक नाही म्हणतात त्यामागचं एक कारण मागणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येतं : आपल्या हातात असताना पेशंटला काही झालं तर? काका कदाचित वेळेला नव्हे, या जबाबदारीला भितील. त्यावर उपाय म्हणजे एक कागद. एकाच पानावर, मोठ्या अक्षरात लिहून एक प्रत फ्रिजवर लावा आणि एक काकांना द्या. त्यात लिहा : फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) कोणत्या हातावर आहे, त्या हाताला धरून उठवायचं नाही, त्यावर पिशवी लटकवायची नाही, बीपी मोजायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही. गाडीत बसल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर स्वच्छ कापसाने किंवा गॉझने नेमक्या जागेवर बोटांनी घट्ट दाबून हात वर धरायचा, मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही, आणि लगेच युनिटला फोन करायचा. रक्ताची धार लागली किंवा दाबूनही थांबलं नाही, पप्पा बेशुद्ध झाले, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर घरी आणायचंच नाही, गाडी परत हॉस्पिटलला. चक्कर आली तर आडवं करून पाय उंच. खाली तुमचा, भावाचा आणि युनिटचा नंबर. कागद युनिटमधल्या सिस्टरला दाखवून तपासून घ्या. पप्पांना लागू असलेल्या सूचना त्यात तीच घालेल.

हाच कागद वहिनींची अडचण सोडवेल. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांना हे कुठून माहीत असणार? आजारी माणसाला नारळपाणी द्यायचं हे आपल्या अंगवळणी पडलंय. ओतून देण्यापेक्षा सांगा : ‘वहिनी, तुम्ही आणलंत त्याने फार बरं वाटलं. पण पप्पांना नारळपाणी, केळं, संत्र्याचा रस डॉक्टरांनी बंद केलाय. त्याऐवजी एक कराल का? मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता फक्त बेल वाजवून बघाल? चहा नका देऊ, त्यांचं पाणी मोजून आहे.’ ज्यांना काही करायचंय त्यांना काय करायचं ते सांगितलं की त्यांनाही बरं वाटतं. कधी डबा देऊ म्हणाल्या तर आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता दाखवा. लोणचं, पापड नको, आणि मिठाऐवजी मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ तर मुळीच नको. त्यात अनेकदा पोटॅशियमच असतं.

पप्पांचं ‘उपकार नकोत’ हे डावलून पुढे जाऊ नका. आजार त्यांचा आहे. कुणाला किती सांगायचं ते त्यांना विचारा, त्यांच्यासमोरच फोन करा. काकांना तर त्यांनीच विचारलेलं उत्तम, बुद्धिबळाचा डाव मांडून. परतफेडीची घाई मात्र आवरा. दर फेरीमागे मिठाईचा पुडा दिलात तर काकांना भाड्याने आणल्यासारखं वाटेल. खर्च तुमचा, ही एकच गोष्ट काटेकोर पाळा. बाकीचं सावडीसारखं होऊ द्या. त्यांच्या घरचे इन्कम टॅक्स रिटर्न भरायचे असतील तर अकाउंट्समधली तुम्ही आहातच.

भीती समजून घेतल्याने पुरती जात नाही, थोड्या सरावाने जाते. खरं म्हणजे सराव तुम्हाला आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये ‘जरा सरकता का?’ म्हणून तिघींच्या बाकावरची चौथी सीट तुम्ही शेकडो वेळा मागितली असेल. ‘कुठे उतरणार?’ हीसुद्धा मागणीच. ‘ही सीट सांगितली आहे’ असं ऐकलं की तुम्ही पुढच्या बाईला विचारता, घरी जाऊन रडत नाही. तिथे ‘नाही’चा अर्थ एवढाच असतो की ही जागा आत्ता रिकामी नाही. आठवडाभर रोज अशी एक छोटी विनंती मुद्दाम करा : रिक्षावाल्याला गेटच्या आत सोडायला सांगणं, मेडिकलवाल्याला औषधं घरपोच देतोस का विचारणं, युनिटमध्ये एखाद्या नातेवाइकाला ते परत कसे जातात ते विचारणं. वहीत दोन रांगा करा, मला काय वाटलं होतं आणि काय झालं. सातव्या दिवशी दोन्ही रांगा शेजारी ठेवून वाचा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी एकोणिसाव्या वर्षी हेच केलं होतं, जरा मोठ्या प्रमाणावर. मुलींशी बोलायची भीती घालवायला ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले. बाकावर एकटी बसलेली दिसली की जाऊन बोलायचं, असा नेम. त्यांनी सांगितलेल्या हिशोबाप्रमाणे १३० पैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, भेट ठरली ती एकीशीच आणि तीही आली नाही. पण भीती गेली. पुढे त्यांनीच विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत घडवली. ‘नकार मला आवडणार नाही, पण तो मला सोसता येतो’ आणि ‘नकार मिळताच कामा नये’ या दोन वाक्यांतला फरक ती शिकवते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत या विचारपद्धतीवर मराठीतून बरंच काम झालं आहे. ऐरोलीहून ते तुम्हाला लांब नाही.

एक वर्ग मागण्यात धरूच नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच. तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा. तिथे भीड कसली? ते कागदपत्रांचं काम आहे, अटींत बसलात तर मिळेल.

व्यवस्था लागली की ती कुठे मोडते तेही सांगून ठेवतो. पहिलं, गणपती. डायलिसिस थांबत नाही, पण काका-वहिनी गावाला जातील. त्या दहा दिवसांचं महिनाभर आधी विचारा. दुसरं, पावसात रस्ते तुंबतात. जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी गाडी अर्धा तास आधी बुक करा. तिसरं, चार आठवडे झाले की न विचारता पुढे चालू ठेवायचा मोह. तसं करू नका, जाऊन विचारा. चौथं, तुम्ही स्वतः. एखाद्या मंगळवारी काका दहा मिनिटं उशिरा पोचले की तुम्हाला वाटेल, यापेक्षा मीच केलेलं बरं. ती दहा मिनिटं सोसा.

आणि हे संकोचापलीकडचं आहे असं वाटलं, सलग दोन-तीन आठवडे झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही. तिथे फोन उचलणारी माणसं ऐकण्यासाठीच बसलेली असतात, त्यामुळे वाक्य जुळवत बसायची गरज नाही.

येत्या शनिवारी पप्पा मशीनवर असतील त्या चार तासांत कागद लिहून काढा, युनिटचा नंबर आणि पप्पांचं ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, सिस्टरकडून घ्या, कागदावरची ती जागा रिकामी ठेवू नका. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पप्पांना घेऊन दुसऱ्या मजल्यावर जा. भावाला फोन त्याच दिवशी संध्याकाळी, जेवणाआधी. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा.